काळा कोट आणि झाकली मूठ
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चित्रकलेविषयी चार शब्द बोलावेत अशी चालकांची आज्ञा झाली, तेव्हा रविवर्मा, अजिंठा किंवा आपल्याकडील एखादा नामांकित चित्रकार असा विषय मी घेईन अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र आज आपणांस दूरदेशीच्या एका लहानशा रेखाचित्रापुढे नेऊन उभे करणार आहे. चित्र बोरूचे आणि शाईचे, काळ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा, देश इंग्लंड, चित्रकार टॉमस रोलँडसन. चित्रात ना देवता, ना राजा, ना रणसंग्राम. एक हडकुळा पाद्री तितक्याच हडकुळ्या घोडीवर बसून घराबाहेर पडत आहे, इतकाच त्याचा विषय. तरीही माणसाची सामाजिक पायरी बाह्य खुणांवरून कशी ओळखावी, आणि ती ओळखताना आपण कोठे फसतो, हे या चित्राइतके सोपे करून सांगणारे दुसरे चित्र मला माहीत नाही. हा प्रश्न केवळ कलारसिकांचा नाही, तो आपल्या संस्थेच्या दैनंदिन कारभाराचाही आहे, हे शेवटी आपल्या ध्यानी येईल अशी मला आशा आहे.

प्रथम चित्राची जन्मकथा सांगतो. लंडनमध्ये स्ट्रँड नावाच्या हमरस्त्यावर रुडॉल्फ ॲकरमन नावाच्या प्रकाशकाचे चित्रांचे मोठे दुकान होते. १८०९ साली त्याने एक काव्यविषयक मासिक सुरू केले. त्यासाठी रोलँडसनने दरमहा एक चित्र काढावे आणि त्या चित्रावरून दुसऱ्या एका गृहस्थाने पद्य रचावे, अशी योजना ठरली. ते गृहस्थ म्हणजे विल्यम कूम. पुढील महिन्यात कोणते चित्र येणार हे कूम यांस ठाऊक नसे. चित्रकार आणि पद्यकार यांची त्या काळात परस्परांशी ओळखही नव्हती. अशा रीतीने तयार झालेली ही मालिका १८१२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, आणि तिचा नायक डॉक्टर सिंटॅक्स घरोघर माहीत झाला. लोक त्याच्या नावाच्या टोप्या, टोप आणि कोट विकत घेऊ लागले. चिनी मातीच्या बशांवरही त्याची छबी उमटली. १८२० आणि १८२१ साली त्याचे आणखी दोन प्रवास निघाले.

सिंटॅक्स या शब्दाचा अर्थ व्याकरणातील वाक्यरचना. म्हणजे नायकाचे नावच मुळी शाळामास्तरी आहे. हे डॉक्टर वैद्य नव्हेत. ते धर्मशास्त्राचे पंडित, खेड्यातील शाळेचे गुरुजी आणि क्युरेट, म्हणजे दुय्यम पाद्री, आहेत. निसर्गरम्य प्रदेशात फिरावे, तेथील देखावे रेखाटावेत, त्यांचे पुस्तक करून चार पैसे मिळवावेत, असा संकल्प करून ते ग्रिझल नावाच्या घोडीवर स्वार होतात, आणि पत्नी डॉरोथी त्यांना निरोप देते. प्रवासास निघण्याचा हा प्रसंग म्हणजेच आपले चित्र.

आता हे चित्र वाचू या. पहिली खूण घोडी. घोड्यावरचा माणूस पायी चालणाऱ्यापेक्षा वरच्या पायरीचा, हे कोणीही सांगेल. परंतु ज्याच्याजवळ खरी संपत्ती होती तो गृहस्थ आपल्या बग्गीतून प्रवास करी. घोडी आहे, पण तिच्या फासळ्या मोजता येतात. याचा अर्थ, मालकाला घोडी ठेवणे भाग आहे आणि तिला पोटभर दाणा देणे जड आहे.

दुसरी खूण काळा पोशाख. तो धर्मोपदेशकाचा पोशाख होय. त्या अंगावर चढण्यापूर्वी लॅटिन आणि ग्रीक यांचे अध्ययन झालेले असते, आणि त्या पोशाखाच्या आधारावर माणूस जमीनदाराच्या पंक्तीला बसू शकतो. शेतमजुराच्या अंगावर तो कधी दिसणार नाही, आणि व्यापाऱ्यानेही तो केवळ पैसा देऊन विकत घ्यावा असा नाही.

तिसरी खूण डोक्यावरील पांढरा टोप. अठराव्या शतकात असे कृत्रिम केसांचे टोप प्रतिष्ठितांच्या मस्तकी सर्रास असत. १७९५ साली इंग्लंडचे मुख्य प्रधान पिट यांनी केसांना लावावयाच्या पुडीवर माणशी वर्षाला एक गिनी कर बसविला. त्यानंतर ही रीत झपाट्याने मागे पडली. पाद्री, न्यायाधीश, वैद्य आणि श्रीमंतांचे गाडीवान यांच्यापुरतीच ती बहुतांशी उरली. म्हणजे आपल्या चित्राच्या काळी टोप हे श्रीमंतीचे लक्षण नव्हते. ते व्यवसायाचे आणि थोडेसे जुनाटपणाचे लक्षण होते. याच कायद्यात एक सवलत होती, ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ज्या पाद्र्याचे वार्षिक उत्पन्न १०० पौंडांहून कमी, त्याला हा कर माफ होता. पाद्र्याने टोप तर घातलाच पाहिजे, पण त्याचा कर भरण्याची त्याची ऐपत नसेल, हे सरकारनेच कायद्याने मान्य केले होते! दिखाऊ प्रतिष्ठा आणि रिकामा खिसा यांची ही सांगड एका कलमात इतकी स्पष्ट क्वचितच आढळेल.

चौथी खूण खुद्द शरीर. रोलँडसन बोरूने रेषा काढी. शाईत किंचित हिंगूळ मिसळून तिला तांबूस छटा देई. त्याची रेषा जाड-बारीक होत वाहते. सुखवस्तू माणूस आला की ती गोलाईने फुगते. सिंटॅक्स आला की ती कोपऱ्या-कोपऱ्याने मोडते. लांब हनुवटी, टोकदार नाक, काटकुळे पाय. शब्द एकही न लिहिता चित्रकाराने सांगून टाकले की या विद्वानाच्या घरी ताट भरलेले नसते.

आता उत्पन्नाचा हिशेब पाहा. तो चित्रात नाही, कूम यांच्या पद्यात आहे. डॉक्टर दर रविवारी ८ मैलांची वाट तुडवून प्रवचनास जात, लग्ने लावीत, बारशी आणि अंत्यविधी करीत. आणि या सर्वांची मिळकत वर्षाला ३० पौंड. पौंडाचे २० शिलिंग, म्हणजे ६०० शिलिंग. आठवड्याला साडेअकरा शिलिंगांच्या आसपास. टोपाच्या पुडीवरचा एक गिनी, म्हणजे २१ शिलिंगांचा, कर त्यांना भरावा लागता तर जवळजवळ दोन आठवड्यांची ही कमाई त्यात गेली असती. लंडनच्या रॉयल ॲकॅडमीच्या चित्रप्रदर्शनात प्रवेशास १ शिलिंग पडे. खोल्या अयोग्य लोकांनी भरू नयेत हाच त्या शिलिंगाचा हेतू असल्याचे ॲकॅडमीने १७६९ सालच्या पहिल्या प्रदर्शनाच्या सूचीतच छापले होते. कलेचा प्रेमी असलेल्या आमच्या डॉक्टरांना त्या दारातून आत जाण्यास आठवड्याच्या या मिळकतीचा अकरावा-बारावा हिस्सा मोजावा लागला असता.

इंग्लंडातील धर्मव्यवस्थेची रचना अशी होती की, पॅरिशचा दशांश कर ज्याच्या नावे जाई तो रेक्टर अनेकदा दुसरीकडे सुखाने राही, आणि प्रत्यक्ष काम अल्प वेतनावर ठेवलेला क्युरेट करी. दोघांचे शिक्षण एक, कोट एक, प्रार्थना एक. उत्पन्नात मात्र जमीन-अस्मानाचे अंतर. एकाच्या पाठीशी आश्रयदाता होता, दुसऱ्याच्या पाठीशी कोणी नव्हते. म्हणून 'पाद्री' हा एक वर्ग समजणारा मनुष्य फसला. एकाच काळ्या कोटाखाली दोन वर्ग नांदत होते.

फसण्याची गोष्ट निघाली म्हणून या मालिकेतील आणखी दोन चित्रांचा उल्लेख करतो. एका चित्राचा विषयच असा आहे की, डॉक्टर एका सद्गृहस्थाचे घर हे उताराची खाणावळ समजून बसतात. सगळ्यांना व्याकरण शिकविणारा मनुष्य दाराची खूण वाचण्यात चुकतो! दुसरे चित्र पुस्तक-विक्रेत्याच्या दुकानातील. आपले हस्तलिखित घेऊन डॉक्टर लंडनला जातात. तो सुखवस्तू दुकानदार त्यांचा अवतार पाहून प्रथम हिडिसफिडिस करतो. परंतु एका लॉर्डसाहेबांचा आपणांस पाठिंबा असल्याचे डॉक्टर कागदानिशी दाखवितात, आणि त्याच दुकानदाराची मान लवते. हस्तलिखित तेच, विद्वत्ता तीच, कोटही तोच; बदलला तो फक्त एक कागद. माणसाची किंमत त्याच्या अंगी नसून त्याच्यामागे कोण उभे आहे त्यावर ठरत होती, हे यापेक्षा थोडक्यात कसे सांगावे?

आपण चित्रातील माणूस वाचला. आता चित्र करणारे हात वाचले पाहिजेत. कारण बोरू ज्याच्या हाती, पायरी ठरविण्याचा अधिकारही त्याच्याच हाती असतो. रोलँडसनचे वडील व्यापारी. १७५९ साली, मुलगा अगदी लहान असतानाच, त्यांचे दिवाळे निघाले. पुढे एका नातलग स्त्रीकडून त्याला ७,००० पौंडांचा वारसा मिळाला, तो त्याने जुगारात उधळला, आणि मग उदरनिर्वाहासाठी रात्रंदिवस रेषा ओढल्या. कूम यांनी तरुणपणी मोठ्या डामडौलाने दिवस काढले, आणि उत्तरायुष्याची कितीतरी वर्षे कर्जदारांच्या किंग्ज बेंच तुरुंगाच्या हद्दीत घालविली. डॉक्टरांच्या प्रवासाची पद्ये ज्याने लिहिली, त्याला स्वतःला मोकळेपणी प्रवास करता येत नव्हता. तिसरा ॲकरमन. हा मूळचा सॅक्सनीतील एका खोगीर करणाऱ्याचा मुलगा. बग्ग्यांचे नमुने काढता काढता तो लंडनचा प्रतिष्ठित प्रकाशक बनला. नौसेनापती नेल्सन यांच्या अंत्ययात्रेच्या रथाचा आराखडाही त्यानेच केला. फ्रान्समधील राज्यक्रांतीमुळे परागंदा झालेले सरदार, धर्मगुरू आणि कुलीन स्त्रिया त्याच्याकडे पडदे व शोभेच्या वस्तू करून पोट भरीत.

म्हणजे या चित्राच्या भोवती उभे असलेले सगळेच लोक एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर घसरलेले किंवा चढलेले होते. म्हणूनच एक चमत्कार घडला असे मला वाटते. केवळ चित्र पाहिले तर सिंटॅक्स हा हसण्याचा विषय आहे. रोलँडसनचा बोरू त्याला सोडीत नाही. परंतु तेच चित्र कर्जाने पिचलेल्या कूम यांच्या हाती पडले, तेव्हा त्यांनी त्या हास्यास्पद देहात एक प्रामाणिक, विद्याव्यासंगी आणि स्वाभिमानी मनुष्य पाहिला. चित्र एकच, एकाने बाहेरची काटकुळी आकृती दिली, दुसऱ्याने आतला माणूस ओळखला. ओळखण्याचे कारण हे की, वरून नीटनेटके दिसणारे दारिद्र्य कसे असते हे कूम यांना अनुभवाने ठाऊक होते.

या कथेतील विनोदाचे मर्मही येथेच आहे. त्या काळी विल्यम गिल्पिन नावाच्या पाद्री-शिक्षकाने वाय नदीचा प्रवास १७८२ साली आणि सरोवर-प्रदेशाचा प्रवास १७८६ साली प्रसिद्ध करून रम्य देखावे शोधण्याची आवड लोकांना लावली होती. नीट नांगरलेल्या शेतापेक्षा पडकी भिंत, खडबडीत वाट आणि जीर्ण अवशेष हे चित्राला अधिक शोभतात, असा हा पंथ. सिंटॅक्स हे त्याच पंथाचे विडंबन होय. पडकी झोपडी ज्याला रम्य वाटते तो तीत राहणारा नसतो, हे उघड आहे. खुद्द डॉक्टरांचे फाटके जिणे मात्र कोणा श्रीमंत वाचकाच्या दिवाणखान्यात रम्य देखावा होऊन बसले. ताम्रपटावर कोरलेल्या आणि हाताने रंग भरलेल्या चित्रांचे असे पुस्तक ३० पौंड मिळविणाऱ्या क्युरेटसाठी खचित नव्हते.

आपल्या प्रांताशीही या बोरूचा थोडा संबंध येतो. १८१६ साली रोलँडसनने हिंदुस्थानातील एका तरुण इंग्रजाच्या साहसांवरील विनोदी काव्यास चित्रे काढली. त्या काव्याच्या नायकाचे नाव 'कुई हाय', म्हणजे आपले 'कोई है?' साहेब लोक नोकराला हाक मारताना हे शब्द उच्चारीत, आणि त्यावरूनच बंगालमधील इंग्रजांना हे टोपणनाव पडले होते. नोकराला नावाने हाक नाही. 'कोणी आहे का?' एवढेच. रोलँडसन हिंदुस्थानात कधीही आला नव्हता. डॉक्टर सिंटॅक्सना निदान नाव मिळाले, घोडीलाही नाव मिळाले; 'कोई है' ऐकून धावत येणाऱ्या माणसाचे नाव मात्र कोणी विचारले नाही. म्हणून कोणतेही चित्र वाचताना त्यात कोण आहे हे पाहून भागत नाही. कोणाला नाव दिलेले नाही आणि कोणाला चौकटीत जागाच मिळालेली नाही, हेही पाहावे लागते.

ज्ञातिबंधूंनो, आता घराकडे वळतो. वर्ग आणि ज्ञाती या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्ञाती जन्माबरोबर येते आणि बहुधा शेवटपर्यंत सुटत नाही. वर्ग मात्र एका पिढीत तीनदा बदलू शकतो. एकाच पणजोबांच्या वंशात एक घर बंगल्यात राहते, दुसरे चाळीच्या खोलीत, आणि तिसऱ्याचा पत्ताही आपल्या सभासद-सूचीत नसतो. आपण सारे एकाच पंक्तीत बसतो म्हणून सारे सारखेच आहोत, असे समजणे म्हणजे सर्व काळे कोट सारखे समजण्यासारखे आहे.

आपल्या जुन्या घरांतून भिंतीवर जी छायाचित्रे असत, त्यांत पूर्वज पगडी घालून कोरीव खुर्चीवर बसलेले असत. शेजारच्या मेजावर पुस्तक किंवा घड्याळ, मागे रंगविलेला पडदा. यांपैकी खुर्ची, मेज आणि पडदा पुष्कळदा छायाचित्रकाराच्या मालकीचे असत. त्या खुर्चीवरून घराण्याची श्रीमंती सिद्ध करण्याचा मोह आपणांस होतो. माझी नम्र विनंती आहे की, अशा छायाचित्राखाली जे खरोखर माहीत आहे तेच लिहावे: नाव, गाव, धंदा आणि साल. पूर्वज शाळामास्तर असतील तर शाळामास्तर लिहावे, कारकून असतील तर कारकून. शेजारी उभ्या असलेल्या आजीबाईंचे नावही लिहावे. 'सौभाग्यवती' एवढ्यावर त्यांची बोळवण करू नये. मागे पंखा किंवा तांब्या घेऊन कोणी उभा असेल, तर त्याचे नाव घरातील वडीलधाऱ्यांना विचारून ठेवावे. ते सांगणारी पिढी फार दिवस राहणार नाही.

परंतु याहून निकडीची गोष्ट जिवंत माणसांची आहे. आपल्या संस्थेजवळ विद्यार्थी-साहाय्यक निधी आहे आणि तो वाटणारे सद्गृहस्थ निःस्पृह आहेत, याविषयी माझ्या मनात यत्किंचितही शंका नाही. तथापि गरज ओळखण्याची आपली दृष्टी बहुधा रोलँडसनच्या बोरूसारखी असते. ती वरची रेषा पाहते. फाटका सदरा दिसला की आपला हात सढळ होतो. इस्त्रीचा कोट दिसला की आपण म्हणतो, यांचे बरे चालले असेल. आणि पांढरपेशा घरात तर इस्त्रीचा कोट हीच शेवटपर्यंत जपावयाची वस्तू असते. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपल्या आयाबहिणींनी ज्या धैर्याने जगून दाखविली, त्याला तोड नाही. पण त्या मुठीत पुष्कळदा मुलीच्या शाळेची फीसुद्धा नसते. ती मूठ सभेपुढे उघडण्यास आपण माणसाला लावले, तर तो अर्जच करणार नाही. आणि अर्ज आला नाही म्हणून गरजही नाही, अशी नोंद आपल्या अहवालात होईल.

दुकानदाराची वृत्तीही आपल्यात शिरू नये. कोणा वजनदार सभासदाची शिफारस आणली म्हणजे अर्ज पुढे सरकावा, आणि ज्याच्यामागे कोणी नाही त्याचा तसाच राहावा, असे घडू लागले तर लॉर्डचे पत्र पाहून मान लवविणाऱ्या त्या पुस्तक-विक्रेत्यात आणि आपल्यात अंतर ते काय? डॉक्टर सिंटॅक्सना कथेच्या शेवटी एका आश्रयदात्याच्या कृपेने चांगली धर्मवृत्ती मिळते आणि सर्व गोड होते. वाचक सुखावतो. परंतु ज्यांना आश्रयदाता भेटला नाही अशा क्युरेटांची चित्रे कोणी काढली नाहीत. आश्रयदात्याची वाट पाहावी लागू नये, एवढ्याचसाठी आपल्या वडीलधाऱ्यांनी संस्था स्थापिल्या.

म्हणून मी दोन सूचना कार्यकारी मंडळापुढे नम्रपणे ठेवतो. पहिली, साहाय्याचा अर्ज खाजगी राहावा. तो दोनच विश्वासू सभासदांनी पाहावा, आणि साहाय्य घेणाऱ्याचे नाव अहवालात छापू नये. देणाऱ्यांची नावे अवश्य छापावीत. त्यांना त्यात आनंद आहे. दुसरी, शिफारसपत्राची अट काढून टाकावी, आणि त्याऐवजी मंडळाच्या एखाद्या वडीलधाऱ्या भगिनीने त्या घरी सहज भेट द्यावी. पुरुष बैठकीत बसून कोट पाहून परततात. स्त्री स्वयंपाकघरात दोन घटका बसली की डबे न उघडताही तिला सारे कळते.

चित्रकलेचे व्याख्यान सुरू करून मी निधीच्या नियमांवर येऊन थांबलो, याबद्दल रसिकांनी क्षमा करावी. पण डोळ्यांना शिकविणे हेच कलेचे काम असेल, तर शिकलेले डोळे घरी येऊन मिटून घ्यावेत हे बरे नव्हे. दोनशे वर्षांपूर्वी एका बोरूने उभा केलेला तो काळा कोट आपल्या ओळखीचा आहे. तो आपल्यापैकी अनेकांच्या वाडवडिलांनी घातला, आणि आजही आपल्या सभागृहाच्या मागील रांगेत तो कोणाच्या तरी अंगावर असेल. तो पाहून हसू नये, कीवही करू नये. आत कोण आहे एवढे मात्र ओळखावे.